बंद व्हॉल्व्हवरचा रुमाल

गुलाब, तुझा रुमाल अजून तिथंच आहे. बॉयलर हाउसमध्ये, नव्या टाकीकडे जाणाऱ्या वाफेच्या लाइनीवर, पहिल्याच व्हॉल्व्हच्या चाकाला, तू बांधलास तसाच. निळ्या चौकड्यांचा, एका कोपऱ्याला ग्रीसचा डाग. तुला चाकणला मातीत ठेवून आलो त्याला आठवडा होत आला, पण त्या गाठीला हात लावायची कोणाची छाती झालेली नाही. माझी तर नाहीच.

आणि उद्या सकाळी ती लाइन सुरू करायची आहे.

कामगार मंडळाच्या चिटणिसांनी अंकासाठी तुझ्यावर लिहायला सांगितलं. जन्म, शिक्षण, नोकरी, स्वभाव, एवढं आलं की झालं म्हणाले. मी म्हटलं, ते तुम्हीच लिहा. गुलाब मुलाणी फिटर कधी जन्मला हे त्याला स्वतःलाच धड ठाऊक नव्हतं, आणि स्वभावाचं म्हणाल तर हट्टी होता, एका शब्दात संपलं. मला जे लिहायचं आहे ते तुलाच सांगायचं आहे. कारण भांडण तुझ्याशी आहे, आणि ते अर्धवट टाकून तू उठून गेलास. मात्र हे छापलं जाणार आहे, तेव्हा वाचणाऱ्यांसाठी मधूनमधून काही गोष्टी उलगडून सांगाव्या लागतील. तुला कंटाळा येईल. ऐकून घे.

आपली पहिली भेटच भांडणाची. पिंपरीच्या माळावर औषधाचा कारखाना उभा राहत होता. पेनिसिलिन आपल्या देशात, इथं होणार म्हणून पेपरांतून कौतुक चाललं होतं, आणि आपण दोघं उन्हात पाइपांच्या ढिगाशेजारी बसून खोकी फोडत होतो. मी मुंबईच्या गिरणीतल्या बॉयलरवरून आलेला, तू नगरकडच्या साखर कारखान्यातून. भुशातून एक व्हॉल्व्ह निघाला. मी सहज म्हणालो, "ग्लोब व्हॉल्व्ह." तू तो हातात घेऊन फिरवून पाहिलास आणि म्हणालास, "ह्याला आमी पोटवाला म्हंतो."

"तुम्ही काहीही म्हणा. नाव ग्लोब आहे."

"आईबापानं ठिवलं आसंल ग्लोब. पर ह्यो पोटवालाच. बघ की, राव, पोट बघ त्याचं."

पोट होतं, नाही असं नाही. पण मी का ऐकून घेऊ? गिरणीत मला इंग्रजी नावं घोकून घोकून शिकवली होती. स्पिंडल, बॉनेट, सीट, ग्लँड, फ्लँज. तुलाही ती सगळी येत होती, हे मला नंतर कळलं. स्टोअरमधून माल काढताना तू 'ग्लोब'च लिहून द्यायचास. माझ्यासमोर मात्र मुद्दाम 'पोटवाला' म्हणायचास, आणि मी चिडलो की खुशीत हसायचास. मला तू पहिल्या दिवसापासून 'कोकण्या' म्हणालास. मी सावंत आहे, शांताराम सावंत आहे, हे तुझ्या लक्षात राहायचंच नाही.

मग भरतीची माणसं आली. पुनावळ्याची, पिंपळे सौदागरची, वाकडची. कालपर्यंत बैल हाकणारे, मिशा पिकत आलेले शेतकरी, आणि त्यांना आपण दोघांनी व्हॉल्व्ह शिकवायचे. मी फळ्यावर चित्र काढून सांगायचो: गेट व्हॉल्व्हमध्ये सरळ पातं असतं, चाक फिरवलं की पातं वर उचललं जातं आणि वाट पूर्ण मोकळी होते. ग्लोबमध्ये वाफेला वळण घेऊन जावं लागतं, म्हणून तिथं ती कमीजास्त करता येते. माणसं माना डोलवायची आणि बाहेर गेली की विसरायची. तू फळ्याकडे ढुंकून पाहायचा नाहीस.

"बबन, तुज्या पाटाला दार हाय का न्हाई?"

"हाय की."

"पानी सोडायचं तर काय करतूस?"

"दार उचलतो."

"अर्धं उचलून ठिवतूस?"

"न्हाई. पान्याच्या जोरानं खिळखिळं व्हतं."

"झालं मंग. ह्ये गेट म्हंजी तुजं पाटाचं दार. उघडलं तर सगळं, न्हाईतर बंद. अर्धं ठिवलंस तर वाफ त्याची धार खाती. अर्धं ठिवायचं आसंल तर ह्या पोटवाल्याकडं जायचं."

नॉन-रिटर्न व्हॉल्व्हला तू विहिरीवरच्या इंजिनाच्या फूटवॉलचा भाऊ केलास. पाणी वर घेतो, खाली सोडत नाही. सेफ्टी व्हॉल्व्हजवळ नेऊन म्हणायचास, "ह्याला हात लावायचा न्हाई. जोर वाढला की ह्यो आपसूक उघडतो. साहेबाला बी इचारत न्हाई." आणि एक सवय तू प्रत्येकाच्या हाताला लावलीस. गेट पूर्ण उघडला की चाक किंचित मागं फिरवायचं. अगदी शेवटापर्यंत ताणून ठेवला तर तापल्यावर तिथंच धरतो, आणि घाईत बंद करायची वेळ आली की हलत नाही. शिवाय मागून येणारा माणूस चाक हलवून बघतो. हललं तर त्याला कळतं की उघडा आहे. गंजून बसलाय असं समजून तो त्याच्याशी झटापट करत नाही. ही गोष्ट मला गिरणीतही शिकवली होती. पण मी ती नियम म्हणून करायचो. तू मागून येणाऱ्या माणसासाठी करायचास, आणि तो माणूस कोण याच्याशी तुला काही घेणं नसायचं.

आता एवढं कौतुक केलं म्हणून तो बाणाचा किस्सा मी गाळणार नाही. नॉन-रिटर्नच्या अंगावर बाण असतो, पाणी कुठून कुठं जायचं ते दाखवणारा. एवढी वर्षं व्हॉल्व्ह बसवून तू थंड पाण्याच्या लाइनीवर तो उलटा बसवलास. सकाळभर पंप चालू आणि पुढं थेंब नाही. पंप खोलला, गाळणी साफ केली, बबनला विहिरीत उतरवलं. शेवटी मी बाण दाखवला तेव्हा तू वाकून पाहिलंस, चष्मा नसताना डोळे बारीक केलेस आणि सगळ्यांदेखत म्हणालास, "बाण बराबर हाय. पानीच उलटं आलंय." सगळं बॉयलर हाउस हसलं. मला तुझा इतका राग आला होता, आणि हसूही आवरत नव्हतं. आज हे लिहिताना दोन्ही येताहेत, आणि समोर तू नाहीस. काय करू मी या हसण्याचं?

आता रुमाल.

लाइनीवर काम करायचं तर आधी मागचा व्हॉल्व्ह बंद करावा लागतो. माणूस पुढं कुठंतरी फ्लँज, म्हणजे पाइपांचा बोल्टांचा जोड, खोलून बसलेला असतो, आणि व्हॉल्व्ह मागं, भिंतीपलीकडं. मध्ये कोणी येऊन चाक फिरवलं तर वाफ थेट माणसाच्या अंगावर. म्हणून तुझा नियम असा: ज्यानं व्हॉल्व्ह बंद केला त्यानं आपला रुमाल चाकाला बांधायचा. काम संपलं की त्यानंच येऊन तो सोडायचा. दुसऱ्यानं गाठीला हात लावायचा नाही, साहेबानंसुद्धा नाही. आणि रुमाल सुटल्यावरही लगेच चाक फिरवायचं नाही. चाकाजवळच्या माणसानं रुमालवाल्याला नावानं हाक मारायची. त्यानं "भाईर हाय, सोडा" असं म्हटलं की मग फिरवायचं. उत्तर नाही तर वाफ नाही.

मला हा पोरकटपणा वाटायचा. तू माझ्या खांद्याला खांदा लावून उभा असायचास, रुमाल सोडून खिशात घातलेला, आणि तरी "गुलाब!" अशी मोठ्यानं हाक मारल्याशिवाय तू मला चाक फिरवू द्यायचा नाहीस. "अरे, तू इथं माझ्यासमोर आहेस," मी म्हणायचो. "मला दिसतोय." तू छताकडे बघत उभा. शेवटी मी ओरडायचो, "गुलाब!" मग तू, हातभर अंतरावरून, तेवढ्याच मोठ्यानं, "भाईर हाय, सोडा!" नवीन माणसांना वाटायचं, या दोघांचं डोकं फिरलंय.

त्याचं कारण तू मला एकदाच सांगितलंस, डबा खाताना, माझ्याकडे न बघता. साखर कारखान्यात तुझा धाकटा चुलता पाइपात वाकून जोडात चिकटलेला जुना गास्केट खरवडत होता. तू दुसऱ्या टोकाला होतास. कोणीतरी येऊन वाफ सोडली. "सोडनारा मानूस वाईट न्हवता," तू म्हणालास. "त्यानं वाल बंद बघितला. त्याला वाटलं, कुनीतरी उघडायचं इसारलंय. चांगलं करायला गेला त्यो. एक हाक मारली आसती, तर चुलता बोलला आसता. कुनी हाकच मारली न्हाई, कोकण्या." मग तू भाकरीचा राहिलेला तुकडा तसाच फडक्यात बांधलास. मी त्यानंतर हाक मारायला कधी कुरकुर केली नाही. केली असेल, पण मनात.

साहेबांनी पुढं पत्र्याचे बिल्ले करून आणले. प्रत्येक कामगाराचा एक नंबर, तोच बिल्ल्यावर. व्हॉल्व्ह बंद केला की बिल्ला अडकवायचा. मी बिल्ल्याच्या बाजूचा. रुमाल कोणाचाही असू शकतो, तेलकट होतो, हरवतो. बिल्ल्याची नोंद राहते, आणि माणूस आला नाही तर कचेरी पाहून-विचारून तो काढू शकते. तू बिल्ला अडकवायचास, नाही असं नाही. साहेबांचा मान तू कधी मोडला नाहीस. पण शेजारी रुमाल बांधायचासच.

"बिल्ल्यावर नंबर आसतो," तू म्हणायचास. "नंबरला हाक मारता येत न्हाई."

"ते ठीक. पण समज, माणूस आलाच नाही तर?"

"येनार न्हाई म्हंजी?"

"आजारी पडला."

"बरा व्हईल, मंग ईल."

"गावाला गेला."

"गावावरनं ईल. रुमाल टाकून जानार कुठं?"

"आणि समजा, त्याच्यापुढचंच काही झालं तर? मग रुमाल कोणी सोडायचा?"

तू तेव्हा सुरीनं पॅकिंगचा दोर कापत होतास. ग्लँडमध्ये भरायचा तो काळा, शिसपेन्सिलीसारखा चकाकणारा दोर. स्पिंडलच्या, म्हणजे चाकाच्या दांड्याच्या, बाजूनं वाफ गळू नये म्हणून त्याच्या कड्या करून एकावर एक बसवतात. तू कडी नीट गोल करून पाहिलीस, सांधा जुळवलास आणि म्हणालास, "त्वांड आवर, राव. ह्याचं उत्तर तुला उद्या दीन." तो उद्या काही आला नाही. मी नंतरही विचारलं, चिडवायला विचारलं, तू प्रत्येक वेळी टोलवलंस. तुझ्यापाशी उत्तर नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं होतं आणि मी त्यावर खूश होतो. एवढ्या वर्षांत एका वादात तरी मी तुला गप्प केलं होतं.

आता तो वाद मी जिंकलो आहे. सगळं मी म्हणालो तसंच झालं. बरोबर ठरल्याचा इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता.

त्या शनिवारी तू हेडरवरचा गेट बंद केलास. हेडर म्हणजे बॉयलरची वाफ जिथून निरनिराळ्या लाइनींना वाटली जाते तो जाड नळ. चाकाला रुमाल बांधलास आणि नव्या टाकीजवळच्या पोटवाल्याचा ग्लँड भरायला बसलास. दुपारी मी आलो तर तुझा चेहरा लाल, डोळे जड. मी हात लावला, अंग भाजत होतं.

"घरी जा."

"येकच कडी ऱ्हायलीय."

"कडी पळून जात नाही. जा म्हणतो ना."

तू उठलास. कापून ठेवलेली शेवटची कडी कागदात गुंडाळून पाइपावर ठेवलीस. दारापर्यंत जाऊन परत फिरलास आणि म्हणालास, "सोमवारी येतो. तवर कुनी हात लावू नगा." मी म्हटलं, बरं. तुझ्या पाठीला तेवढं बोललो आणि माझ्या कामाला लागलो. तू पुन्हा त्या दारातून आत येणार नाहीस हे मला कसं कळावं? कळलं असतं तरी मी काय करणार होतो?

ताप उतरेना. चिंचवडच्या तुझ्या खोलीत मी रोज सायकलनं यायचो. जैनबवहिनी कपाळावर पट्ट्या बदलत बसलेल्या. डॉक्टर म्हणाले, विषमज्वर आहे. मला वाटलं, मग काळजी कसली? आपण पेनिसिलिनच्या कारखान्यात आहोत. ज्या टाक्यांना आपण वाफ देतो त्यांतूनच ते औषध निघतं, देशभर जातं. मी कारखान्याच्या डॉक्टरांकडे गेलो, जवळजवळ भांडायलाच गेलो. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. "सावंत, ते औषध या तापावर चालत नाही," म्हणाले. "चालत असतं तर तुम्हाला मागायला यावं लागलं नसतं." भला माणूस. माझा मात्र विश्वास बसेना. मी बाहेर येऊन टाक्यांकडे बघत उभा राहिलो. एवढ्या मोठ्या टाक्या, एवढे पाइप, आणि एकेक जोड आपल्या हातांनी आवळलेला. आणि तुझ्या कामाचं त्यात काहीच नव्हतं.

त्या तापाचं दुसरं औषध साहेबांनी खटपट करून पुण्याहून आणवलं. ते पोटात गेलं तेव्हा फार उशीर झाला होता. आतडं आतून फुटलं म्हणाले, आणि तुला पुण्याला हलवलं. गळणारा ग्लँड मी वाफ चालू असतानाही जरा आवळून आणला असता. फाटलेला गास्केट बदलला असता. इथं पुण्याच्या इस्पितळात मी तुझ्या खाटेशी हात मांडीवर ठेवून बसलो होतो, आणि माझे हात कशालाही लागू पडत नव्हते. डॉक्टर यायचे, उठायचो. ते जायचे, बसायचो. एवढंच काम मला होतं.

एकदा दुपारी तू डोळे उघडलेस. मला ओळखलंस का नाही, देव जाणे. ओठ सुकले होते.

"लाइन कुनी उघडली न्हाई न्हवं?"

"नाही."

"रुमाल?"

"आहे. तसाच आहे."

"मी आल्याबिगर उघडू नगा."

"नाही उघडत, गुलाब."

आजाऱ्याला माणूस जे बोलतो ते मी बोललो. पण बोललो. तुझ्या हातावर हात ठेवून बोललो. ते शेवटचं.

चाकणहून परत आल्यावर मी वहिनींना भेटायला गेलो. त्या इद्दतीत, नवऱ्यामागं पाळायच्या दिवसांत, पडद्याआड. मी ओट्यावर बसलो. मग आतून आवाज आला, "भावजी, त्यांचा रुमाल कुठं सापडंना. निळा. समदी कापडं धुंडाळली."

मला खोटं सांगता आलं नाही. मी सांगितलं, चाकाला आहे. नियमही सांगितला. त्यांना तो माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होता.

"म्हंजी काम ऱ्हायलंय त्यांचं?"

"राहिलं होतं. एक कडी राहिली होती. ती मी बसवतो."

पडद्याआड लहान मुलाला कोणीतरी थोपटत होतं. मग त्या म्हणाल्या, "तुमीच सोडा भावजी. दुसऱ्या कुनाला हात लावू दिऊ नका. आन् कापू नका. गाठ लई घट मारत्यात ते." 'मारत्यात' म्हणाल्या. माझ्याच्यानं तिथं पुढं बसवेना.

काल मी तुझी कडी बसवली. आधी माझा पांढरा रुमाल तुझ्या रुमालाखाली बांधला, मग टाकीजवळ गेलो. कागद तसाच होता, त्यावर धूळ. ग्लँडमध्ये पाहिलं. तू बसवलेल्या कड्या एकावर एक, सांधे एकाखाली एक येऊ दिलेले नाहीत, पहिल्याचा सांधा समोर तर दुसऱ्याचा मागं. अंगात ताप असताना. मी शेवटची कडी घातली, तिचा सांधा कुठं यावा हे पाहायला तुझा सांधा शोधला, आणि बोट तिथंच राहिलं. बबन म्हणाला, "दादा, लागलं का काय?" मी हो म्हटलं.

आता उद्या. टाकी तयार आहे, तिला वाफ देऊन शुद्ध करायची आहे, तिच्यासाठी किती माणसं खोळंबली आहेत. साहेब आज येऊन म्हणाले, "सावंत, तुम्हाला जमत नसेल तर मी सोडतो. वरिष्ठ म्हणून ती माझी जबाबदारी." मनापासून बोलले. पण तू साहेबालाही हात लावू दिला नसतास. आणि मी तुला शब्द दिला आहे की तू आल्याशिवाय उघडणार नाही. तू येणार नाहीस. मला सांग, मी काय करू? तुला तेव्हा विचारलं होतं, कितीदा विचारलं होतं. एकदा तरी नीट उत्तर द्यायचं होतंस.

इथपर्यंत काल संध्याकाळी लिहिलं. राहिलेलं आज जेवणाच्या सुट्टीत लिहितो आहे.

सकाळी सगळे जमले होते, कोणी न बोलावता. मी लाइन शेवटपर्यंत चालत पाहून आलो. प्रत्येक फ्लँजचे बोल्ट हातानं चाचपले, टाकीत डोकावलो. कोणी नव्हतं. परत येऊन माझा रुमाल सोडला. तुझा बिल्ला साहेबांनी काढून मला दिला. मग तुझ्या गाठीला हात घातला.

वहिनी खरं म्हणाल्या. लई घट. घामानं, वाफेनं आवळून दगड झाली होती. नखं लागेनात. बबन सुरी काढू लागला, मी त्याच्यावर ओरडलो. खिळ्याच्या टोकानं एकेक पीळ उकलत बसलो. मागं एवढी माणसं उभी. गाठ सुटली तेव्हा कापडाला तिथं पडलेली वळी तशीच राहिली, मी हातानं सारखी केली तरी गेली नाही. घडी घालून खिशात ठेवला.

चाकावर हात ठेवला आणि हाक मारली. "गुलाब!"

इतकी वर्षं मारली तशीच, मोठ्यानं. मारायलाच हवी होती, तुझा रुमाल सुटला होता. बॉयलरचा आवाज तेवढा चालू होता. बबननं टाकीच्या बाजूला मान वळवली, मग पटकन खाली घातली. मी थांबलो. उत्तर येणार नाही हे मला माहीत होतं, तरी थांबलो, आणि थांबलो तसं मला वाटायला लागलं की जरा आणखी थांबावं. पुन्हा हाक मारली. माझ्या डाव्या खांद्याशी, जिथं तू उभा राहायचास, तिथं जागा मोकळी होती. कोणी तिथं येऊन उभं राहिलं नव्हतं.

तुझा नियम मला पाठ आहे. उत्तर नाही तर वाफ नाही.

गुलाब, मी चाक फिरवलं. आधी अगदी थोडं. ड्रेनमधून पाणी निघून जाऊ दिलं, पाइप धडधडू दिला नाही. मग सावकाश पूर्ण उघडला आणि किंचित मागं घेतला. तुझ्या ग्लँडमधून वाफेचा एक धागासुद्धा बाहेर आला नाही, बबन जाऊन बघून आला. लाइनीवर कोणी नव्हतं. कोणाला काही झालं नाही. रुमाल संध्याकाळी वहिनींच्या हातात देतो.

पण तुझ्याबरोबर कामाला लागल्यापासून उत्तर न येता चाक फिरवलं ते आज पहिल्यांदा. दिलेला शब्दही मोडला. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं.